आवाज काढून दाखवा

परवा शनिवारी लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, एका दुकानाच्या काउंटरपाशी, सात-आठ अनोळखी माणसांदेखत, मी तोंडाने भूंऽऽव असा आवाज काढला. वय वर्षं ४६.

कारण काय, तर शंभर केचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा एक लाख ओहमचा बारीकसा भाग. मी घरी सिंथ, म्हणजे विजेवर आवाज काढणारं वाद्य, बनवतो, मॉड्युलर, म्हणजे कीबोर्डबिबोर्ड काही नाही, एक मॉड्यूल सूर काढतं, दुसरं तो गाळतं, तिसरं सांगतं कुठला सूर कधी, आणि सगळी वायरींनी एकमेकांना जोडायची. सर्किटचा कुठलाही कागद उघडा, जिथे तिथे शंभर के. ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) म्हटलं की टीएल०७२, डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा) म्हटलं की १एन४१४८, प्रत्येक आयसीच्या, म्हणजे चिपच्या, बुडाशी १०४चा सिरॅमिक कपॅसिटर, हे आमचे डाळ-तांदूळ. घरात भरून ठेवावेच लागतात, कारण संपतात ते रविवारी संध्याकाळी आणि रविवारी तिकडे सगळी शटरं खाली.

म्हणून मागच्या महिन्यात शंभराचं पाकीट आणलं, त्यावर पेनाने १०० के लिहिलेलं, आणि आत निघाले दहा केचे. निळ्या मेटल फिल्म रेझिस्टरवर किंमत सांगणारे पाच रंगीत पट्टे असतात, ब्राऊन काळा काळा ऑरेंज ब्राऊन म्हणजे शंभर के, आणि ऑरेंजच्या जागी लाल आला की दहा के. आता निळ्यावरचा तो लाल आणि तो ऑरेंज रात्री साडेअकराला ट्यूबलाइटखाली वेगळा ओळखून दाखवा, चष्मा लावून! मल्टिमीटर होता हो घरात. पण पाकिटावर लिहिलंय म्हटल्यावर मोजतं कोण.

झालं असं, की ऑसिलेटरला, म्हणजे सूर काढणाऱ्या मॉड्यूलला, एक व्होल्ट जास्त दिला की सूर एक सप्तक चढायला पाहिजे, हा ह्या धंद्यातला नियम. इनपुटला शंभरच्या जागी दहा बसल्यावर तो एका व्होल्टला दहा सप्तकं चढायला निघाला, आणि माणसाच्या कानाची धावच मुळात दहाएक सप्तकांची. तीन रात्री मी आयसी बदलत बसलो होतो.

दुकानदार पाकीट बघून म्हणाला, "यूज किया हुआ माल वापस नहीं होता." अरे, पण यूज केल्याशिवाय कळणार कसं?

इथे काकांनी प्रवेश केला. पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध, काखेत वायरचं भेंडोळं, गिरगावातल्या कुठल्याशा मंडळाचे. त्यांनी माझ्या हातातली यादी सरळ स्वतःच्या हातात घेतली.

"मुलाचा प्रोजेक्ट का?"

"नाही, माझाच."

"अच्छा. कुठल्या वर्षाला?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांचं बोट यादीत ४०१७ नावाच्या आयसीवर थांबलं आणि चेहरा उजळला. "म्हणजे लायटिंगवाले तुम्ही!" आता ते तसं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. मखराभोवती पळणारे दिवे असतात ना, त्यात ५५५ नावाचा आयसी ठोके देतो आणि ४०१७ आपल्या दहा पायांवर एकामागून एक व्होल्टेज काढतो. माझा सिक्वेन्सर, म्हणजे कुठला सूर कधी ते सांगणारं मॉड्यूल, हे तेच सर्किट.

"मग दिवे कुठेत?"

"दिवे नाहीत काका, प्रत्येक पायाला एक पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, लावायचा. मग दहा सूर एकामागून एक वाजतात."

"आरती वाजते?"

"नाही. तेच दहा सूर, परत परत."

"परत परत." त्यांनी जरा विचार केला. "आणि घरचे?"

घरच्यांचा विषय मी टाळला, कारण मिसळणाचा डबा सध्या माझ्या टेबलावर आहे आणि त्याच्या वाट्यांत ट्रान्झिस्टर आहेत.

"पण आवाज कसा येतो? काढून दाखवा."

का काढला, माहीत नाही. काढला. कॅल्क्युलेटरवरचा पोरगा थांबला, बाजूचा रिमोट घेऊन आलेला माणूस अर्धा पाऊल मागे सरला. काका मात्र डॉक्टरसारखे ऐकत होते. "पंप," ते म्हणाले. "आमच्या चाळीत टाकी रिकामी असताना पंप चालू राहिला की अस्साच येतो." आणि त्यांनी स्वतः काढून दाखवला. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा चांगला होता, ओठ हळूहळू मिटत नेले त्यांनी, म्हणजे चक्क लो-पास फिल्टर, वरचे सूर गाळणारा! दुकानात लोक हसले ते त्यांच्यावर नाही, माझ्यावर.

मग त्यांनी दुकानातली ४०१७ भरलेली शेवटची प्लास्टिकची नळी उचलली, पंचवीसच्या पंचवीस, गणपती तोंडावर आलेत म्हणून. मला तीन हवे होते. बहुतेक चेहरा दिसला माझा, कारण नळीतून एक काढून त्यांनी तळहातावर ठेवला, देवळाबाहेर ठेवतात तसा. "घ्या, तुमच्या पंपाला. पैसे नकोत."

शंभर केचं नवं पाकीट मात्र पैसे मोजून घ्यावं लागलं, दुकानदाराच्याच चुकीचे पैसे परत मीच भरायचे! काउंटरवरच मीटर काढून मोजायला लागलो तर पोरगा म्हणतो, "साहब, सौ के सौ चेक करोगे?" अकरा केले. बाराव्याला मागच्याने कोपर मारलं.

काकांचा आयसी शर्टाच्या खिशात टाकला होता. दादरला गाडी बदलताना गर्दीने दाबला आणि सोळाच्या सोळा पाय छातीत घुसले. डोंबिवलीला घरी येऊन बाहेर काढला तर पंधरा पाय वाकडे, आणि चौदावा तुटलेला. ५५५चा ठोका तिथूनच आत जातो.