खुराक उधारीवर, गदा खांद्यावर

जगात भारी कोण, हा प्रश्न कोल्हापुरात केव्हाच निकाली निघालाय. वाद असतो तो दुसऱ्या नंबरचा. अमेरिका टिकणार की चीन येणार, याचा निकाल गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रोज संध्याकाळी म्हशीची धार पडता पडता लागतो आणि दुसऱ्या दिवशी फिरतो. तेव्हा वाचकहो, तुम्ही महासत्ता असाल आणि हल्ली दम लागत असेल, तर परदेशी सल्लागारांवर पैसे घालवू नका. सल्ला इथं फुकट आहे. दुधाचे तेवढे द्या.

सगळ्यात आधी, खुराक उधारीवर सुरू करा. आमच्या तालमीचे एक अण्णा आहेत. कान फुटलेले, वय सत्तरीच्या पुढं, खांद्यावर टॉवेल टाकतात तोसुद्धा गदा ठेवल्यासारखा. कट्ट्यावर आले की पहिला ग्लास त्यांचा, फेसासकट. पैसे वहीत. वही दूधवाल्या मामांची, आणि मामांचा पोरगा त्याच तालमीत जोर मारतो. अण्णांना शेवटी पाडलं कुणी, यावर पेठेत चार मतं आहेत. वही कुणी उघडून बघत नाही.

हा डाव इंग्रजांनी फार देखणा खेळला. कारखानदारीत अमेरिका त्यांच्या पुढं गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच, पण ते अंगाला लावून घ्यायचं नसतं. 1940 मध्ये हिटलर दारात उभा असताना त्यांनी अमेरिकेकडून 50 जुन्या विनाशिका घेतल्या आणि बदल्यात नाविक तळांसाठी जागा दिल्या, 99 वर्षांच्या करारानं. म्हणजे पावण्याची जुनी फटफटी घ्यायची आणि विहिरीसकट रान त्याला खंडानं द्यायचं. वर म्हणायचं, घरातलाच आहे की!

मग 1944 ला अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्समध्ये जगाच्या पैशाचे नियम ठरवायला 44 देश बसले. इंग्रजांचे अर्थतज्ज्ञ केन्ससाहेब यांनी आधीच ‘बँकोर’ नावाचं सगळ्यांचं मिळून एक चलन सुचवलं होतं. माना डोलल्या. ठरलं मात्र ज्याच्या तिजोरीत सोनं होतं त्याचं: 35 डॉलरला एक औंस सोनं, आणि बाकीच्यांनी डॉलरच्या मागं रांगेत यावं. पुढच्याच वर्षी इंग्लंडनं 3.75 अब्ज डॉलरचं कर्ज काढलं, 2 टक्क्यानं. शेवटचा हप्ता गेला 2006 च्या डिसेंबरात. आपल्या सोसायटीत एवढ्या काळात किती कर्जमाफ्या झाल्या असत्या! मोठी अट होती, पौंड मागेल त्याला डॉलरमध्ये बदलून द्यायचा. जुलै 1947 मध्ये द्यायला लागले आणि तिजोरी अशी गळाली की पाच आठवड्यांत खिडकी बंद. शिवाय युद्धापायी ते आपलंही देणं लागत होते, 1.3 अब्ज पौंडांच्या घरात. ज्याच्यावर राज्य करायचं त्याच्याकडंच उधारी! हा रुबाब अण्णांनाही जमलेला नाही.

शब्द मात्र सढळ हातानं द्यावेत. पोलंडसाठी म्हणून इंग्रजांनी 1939 मध्ये युद्ध पुकारलं. त्या पोलंडची हजारो माणसं 1943 पासून इथं, कोल्हापूरशेजारी वळिवड्याच्या छावणीत राहिली. युद्ध जिंकलं, पोलंड स्टालिनच्या पंज्यात गेलं, आणि वळिवड्यातल्या कित्येकांना घर काही परत दिसलं नाही.

येणाऱ्या पैलवानालाही एक सांगणं. गदा समोर पडलेली असली तरी लगेच उचलू नका. अमेरिकेनं 1930 मध्ये आयातीवर जबर जकात बसवली, 1933 ची लंडनची आर्थिक परिषद त्यांचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका संदेशात उधळली. इंग्लंडला पेलवत नव्हतं, अमेरिकेला घ्यायचं नव्हतं, आणि मंदीत मेलं बाकीचं जग. याला संयम म्हणतात.

आणि जाणाऱ्यानं एक शेवटची कुस्ती धरावीच. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी 1956 च्या जुलैत सुएझ कालवा ताब्यात घेतला, तेव्हा इंग्लंडनं फ्रान्स आणि इस्रायलला बरोबर घेऊन लांग चढवली. मैदान मारायच्या बेतात होते. तेवढ्यात पौंड घसरला, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कळवलं, आधी माघार, मग डॉलर. गोळी झाडावी लागली नाही. जानेवारीत पंतप्रधान ईडन प्रकृतीचं कारण देऊन घरी गेले.

अण्णांचंही असंच झालं. एका जत्रेत हलगी वाजली, अंगात आलं, सदरा काढला. हौद्याच्या कडेवरनं मामा एवढंच बोलले, “अण्णा, वही आणलीया.” अण्णांनी सदरा घातला. गुडघा दुखतोय म्हणाले.

अमेरिकेचा अभ्यासही उत्तम चाललाय. 15 ऑगस्ट 1971, आपल्या जिलेबीच्या दिवशी, अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. आता सरकारी कर्ज 36 लाख कोटी डॉलरच्या वर आहे, आणि सावकारांच्या यादीत चीन बऱ्यापैकी वर. त्या चीननं 2017 मध्ये श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर घेतलं. किती वर्षांच्या करारानं? 99. आकडासुद्धा वारशानंच आला.

परवा कट्ट्यावर मामा नव्हते, पोरगा होता. अण्णांनी चीनला दोन मिनिटांत चितपट केला आणि ग्लास पुढं केला.

“लिहू का, अण्णा?”

“लिही की. पळून चाललोय व्हय?”