ते मख्ख चेहरे आणि मर्जीचा प्रश्न

तुमची कमेंट दोनदा वाचली. एकोणिसाव्या शतकात ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या प्रमुखांनी स्वतःच्या मर्जीने फोटो काढून घेतले असं मी माझ्या लेखात लिहिलं, ते तुम्हाला भाबडं वाटलं. गोऱ्याच्या स्टुडिओत गोऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर कसली आलीय मर्जी, चेहरे बघा ना सगळ्यांचे, किती उदास, असं तुमचं म्हणणं.

आधी चेहऱ्यांचं सांगतो. तेव्हा वेट कलोडियन होतं, म्हणजे काचेला रसायन लावायचं आणि ती ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायचा, एक्सपोजर काही सेकंदांचं, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू. हसू टिकणार कसं? त्याच काळातल्या गोऱ्या शेटजींचे फोटो बघा, तेही एरंडेल प्यायल्यासारखेच दिसतात. शिवाय त्या काचेवर लाल रंग काळा उमटतो आणि निळा जवळजवळ पांढरा, त्यामुळे चेहऱ्याला लाल रंग लावून आलेला माणूस फोटोत काळवंडलेला, रागीट दिसणारच.

मर्जीबद्दल मात्र मी हटत नाही, निदान बगोनेगीझिग या ओजिब्वे प्रमुखाच्या बाबतीत तरी, इंग्रजीत ज्याला होल-इन-द-डे म्हणतात तो. हा माणूस अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५ च्या करारासाठी वॉशिंग्टनला जाऊन आलेला, १८६२ मध्ये त्याचं घर जाळलं गेलं तर १८६४ च्या करारात घर आणि सामानाची भरपाई म्हणून ५,००० डॉलर त्याच्या नावाने लिहिलेले आहेत, चक्क करारात! असल्या पक्क्या माणसाला मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या जोएल व्हिटनी या फोटोग्राफरने धरून आणून कॅमेऱ्यासमोर बसवलं असेल? मला नाही पटत. डोक्यात पिसं, अंगावर ब्लँकेट, हे सगळं ठरवून केलेलं वाटतं.

पण तुमचा अर्धा मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्या लेखात यायला हवा होता. मर्जी चालली ती स्टुडिओच्या दारापर्यंत, पुढे काच, म्हणजे निगेटिव्ह, व्हिटनीची. १८६२ मध्ये डकोटा जमात आणि अमेरिकी सरकार यांच्यात झालेल्या युद्धानंतर असल्या फोटोंना जोरदार गिऱ्हाईक आलं, अडीच बाय चार इंचाच्या कार्डावर चिकटवून विकायचे, लोक अल्बममध्ये लावायचे. डकोटा आणि ओजिब्वे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी, पण घेणाऱ्याला दोघेही नुसते ‘इंडियन’.

आणि हो, कॅप्शन. बगोनेगीझिगच्या वडिलांचं नावही होल-इन-द-डेच, पण ते १८४७ मध्येच वारले आणि व्हिटनीचा स्टुडिओ १८५० नंतरचा, तरी मी मुलाच्या फोटोखाली वडिलांची माहिती टाकली होती. तिथे मी माती खाल्ली, तुम्ही बरोबर पकडलंत. सकाळीच बदललंय.