खिशात आठ डॉलर, डोक्यात पदवी

अमेरिकेतल्या भारतीयांचं कौतुक करणारा एक मजकूर वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. आपली माणसं खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरली आणि एका पिढीत तिथला सगळ्यात जास्त कमावणारा समाज झाली. तिथले कृष्णवर्णीय चारशे वर्षं त्याच मातीत आहेत, गुलामगिरी संपूनही दीडशेहून अधिक वर्षं उलटली, तरी ते मागेच. रंग दोघांचाही सावळा-काळा, तेव्हा वंशभेदाची सबब सांगू नका. उरला तो फरक संस्कारांचा: शिक्षणाची ओढ, एकसंध कुटुंब, सरकारपुढे हात न पसरण्याची वृत्ती. खाली जोडलेले हात आणि तिरंगा.

दरी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबाचं मध्यक वार्षिक उत्पन्न (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर, निम्मी खाली) सुमारे १ लाख १९ हजार डॉलर होतं, कृष्णवर्णीय कुटुंबाचं ४५ हजारांच्या आसपास. भारतीय कुटुंबात बहुधा कमावणारे दोघं असतात आणि ती महागड्या शहरांभोवती राहतात, हे वजा केलं तरी फरक मोठाच उरतो. भांडण आहे ते कारणावर.

आठ डॉलरपासूनच सुरुवात करू, कारण मजकुराची सगळी भावनिक मदार त्यावर आहे. १९६०च्या दशकात परदेशी जाणाऱ्याला फारच थोडं परकीय चलन सोबत नेता येई, कारण देशाच्या गंगाजळीतच डॉलरचा खडखडाट होता. म्हणजे आठ डॉलर हे देशाच्या तिजोरीचं माप, जाणाऱ्याच्या घरच्या परिस्थितीचं नव्हे. एमबीबीएस किंवा बी.ई. झालेला आणि विमानाच्या तिकिटाची सोय करू शकणारा तरुण त्या काळच्या भारतात गरिबांत मोडत नव्हता. त्याची पदवी बहुतेक वेळा सरकारी कॉलेजातली, नाममात्र फीवर मिळालेली, म्हणजे करदात्यांच्या पैशातली. कानपूरच्या आयआयटीच्या उभारणीला तर अमेरिकेतल्याच नऊ विद्यापीठांनी हात लावला होता. ही शिदोरी कस्टमच्या काउंटरवर मोजली जात नाही, म्हणून गोष्टीतही येत नाही.

बरं, त्याला बोलावलं कुणी? ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. युरोपला झुकतं माप देणारा जुना कोटा गेला आणि व्यावसायिक, शास्त्रज्ञ, कुशल कामगार यांच्यासाठी वेगळी दारं उघडली. त्याच वर्षी जुलैत मेडिकेअरचा कायदा झाला होता. म्हाताऱ्यांच्या उपचाराचा खर्च सरकार उचलू लागलं आणि इस्पितळांना डॉक्टर कमी पडू लागले. ती उणीव भरायला जे गेले त्यात आपले डॉक्टर बरेच. पुढे १९९०च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला. त्याची मूळ अटच पदवीची, किंवा तिच्या तोडीच्या पात्रतेची.

परिणाम काय झाला ते बघा. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या प्रौढांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पदवीधर आहेत. खुद्द भारतात हे प्रमाण साधारण दहांत एक. संस्कार तर दोन्हीकडे तेच, सण तेच, आईवडिलांची ‘अभ्यास कर’ ही भुणभुणही तीच! मग बिहारमधल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतमजुराचं उत्पन्न कॅलिफोर्नियातल्या चुलत-चुलत भावाइतकं का नाही? कारण दुधावरची साय तेवढी काढून नेली, आणि आता तिची तुलना दुसऱ्याच्या अख्ख्या पातेल्यातल्या दुधाशी चालली आहे. गेलेल्यांत वरच्या जातींचा भरणा किती होता, हाही त्याच चाळणीचा भाग. त्यावर मजकूर अर्थातच गप्प आहे.

संस्कारांचा दावा तपासायची एक सोपी रीत आहे. १९६५च्या आधी अमेरिकेत गेलेले भारतीय बघायचे. तेही कष्टाळू होते, कुटुंबाला जपणारे होते. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या पंजाब्यांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. कॅलिफोर्नियातला १९१३चा कायदा नागरिक होण्यास अपात्र परदेशीयांना शेतजमीन आपल्या नावावर घेऊ देत नव्हता. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घेण्यात आलं. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णो दास बगाई त्यांतलेच. त्यांनी १९२८ साली जीव दिला. १९४०च्या जनगणनेत भारतीयांची संख्या अडीच हजारांच्या आत होती.

या मंडळींत दलीपसिंग सौंद होते. १९२० साली आले, बर्कलीला गणितात पीएच.डी. केली. आजचा असा माणूस सिलिकॉन व्हॅलीत काय झाला असता ते सांगायला नको. सौंद कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम झाले, मग इम्पीरियल व्हॅलीत लेट्यूसची शेती करू लागले, कारण त्यांच्या विद्येला साजेशी नोकरी त्यांना कुणी देईना. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा १९४६च्या कायद्याने मिळाली, सौंद १९४९ साली नागरिक झाले. १९५० साली लोकांनी त्यांना स्थानिक न्यायाधीश म्हणून निवडून दिलं, तर नागरिक होऊन वर्ष झालं नाही म्हणून निवड रद्द. १९५२ साली पुन्हा निवडून आले, आणि १९५६ साली थेट अमेरिकी काँग्रेसवर. माणूस तोच, पदवी तीच, संस्कार तेच. बदलला तो कायदा.

‘रंग दोघांचाही काळाच’ हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण मग नायजेरियातून आलेल्यांचं काय करायचं? त्यांचा रंग तर अगदी तोच. नायजेरियात जन्मून अमेरिकेत राहणाऱ्या प्रौढांत साठ टक्क्यांहून अधिक पदवीधर आहेत, म्हणजे अमेरिकी सरासरीच्या कितीतरी वर. नायजेरियन संस्कृती श्रेष्ठ असल्याचे फॉरवर्ड आपल्याकडे का येत नाहीत कोण जाणे. चाळणी व्हिसाची आहे. ती लागोसमधूनही शिकलेली माणसंच पुढे जाऊ देते.

उलट बाजूनेही पडताळा घेता येतो, आणि तो आपल्याला जास्त झोंबणारा आहे. मलेशियात ब्रिटिशांनी रबराच्या मळ्यांवर तमिळ मजूर नेले. त्यांच्याच काळात श्रीलंकेतल्या जाफन्याचे तमिळ तिथे गेले ते मिशनच्या शाळांत इंग्रजी शिकून, रेल्वेत आणि कचेऱ्यांत कारकून म्हणून. भाषा एक, बहुतेकांचा धर्म एक. कारकुनांची नातवंडं डॉक्टर-वकील झाली. मळ्यावरच्या मजुरांची मुलं मळ्यावरच्याच शाळेत शिकली, आणि त्यांच्या वंशजांतला मोठा वर्ग आजही मलेशियातल्या गरिबांत मोडतो. ‘भारतीय संस्कार’ त्या मळ्यांवर पोचलेच नव्हते का?

आता ‘दीडशे वर्षं मिळाली होती’ याकडे. ही दीडशे वर्षं कशी गेली, हे मजकुरात एका ओळीतही नाही. जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपत आलेलं असताना, उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मळेवाल्यांकडे परत गेल्या. बचत करायची म्हटली तर त्यांच्यासाठी काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ साली बुडाली. साठ हजारांहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले, अनेकांना छदामही मिळाला नाही. धंदा करायचा म्हटला तर टल्सा शहरातल्या ग्रीनवुडचं उदाहरण आहे. दुकानं, इस्पितळ, थिएटर, सगळं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं. १९२१ साली गोऱ्या जमावाने दोन दिवसांत पस्तीसेक चौक जाळून बेचिराख केले.

सगळ्यात बोलका तपशील मात्र आगीचा नाही, कागदाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारने घर, शेती, धंदा यांसाठी हमीचं कर्ज दिलं. अमेरिकेतला मध्यमवर्ग ज्या घरांमुळे उभा राहिला, त्यांतली लाखो घरं या कर्जांवर बांधली गेली. १९४७ सालच्या एका पाहणीत मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांत अशी ३,२२९ कर्जं मंजूर झालेली आढळली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांची किती? दोन. हमी सरकारची, पण कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणार स्थानिक बँक, आणि बँक कुणाची हे सांगायला नको. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघ मारून तिथे गहाणकर्ज नाकारण्याची पद्धत तर त्याआधीच रूढ झाली होती. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघायला देशभर बंदी आली ती १९६८ साली. म्हणजे दीडशे वर्षांचं घड्याळ खऱ्या अर्थाने सुरू झालं ते भारतीयांचं विमान उतरलं साधारण त्याच सुमाराला. एकाच्या हातात पदवी, दुसऱ्याच्या हातात आजोबांना नाकारलेलं कर्ज. २०२२ साली गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची जेमतेम ४५ हजार.

कुटुंबव्यवस्थेचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. कृष्णवर्णीय समाजात एकट्या आईवर पडलेली घरं खूप आहेत आणि त्याची किंमत मुलं मोजतात. पण गरिबीचं मूळ तेच असेल, तर कुटुंबं एकत्र होती तेव्हा गरिबी कमी असायला हवी होती. १९६०च्या आसपास बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलं आईवडील दोघांजवळ राहत होती, आणि १९५९ साली त्यांच्या समाजातला दारिद्र्याचा दर होता ५५ टक्के! २०१९ साली तो १९ टक्क्यांच्या आत आला. ‘मागेच राहिले’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. आणि बाप घरातून गेले कुठे, याचंही एक उत्तर कायद्यात आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८६च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्याच ओढायच्या खड्यांना, तीच किमान पाच वर्षांची कैद ठरली जी ५०० ग्रॅम कोकेन पावडरीला. वस्तू एकच, पण क्रॅकसाठी पकडले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय. ही शंभरपट तफावत २०१० साली कमी झाली, तीही अठरापटीवर.

घरातल्या वळणाचा प्रश्न अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१८च्या अभ्यासाने आणखी अवघड करून ठेवला आहे. सुमारे दोन कोटी मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सारख्याच उत्पन्नाच्या घरांत, एकाच वस्तीत वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा मोठेपणी गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो, आणि हे जवळपास प्रत्येक वस्तीत दिसतं. मुलींत मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. घर तेच, आईबाप तेच, शिकवण तीच. बहिणीला न बाधणारे संस्कार भावालाच कसे बाधतात?

मजकुरात नसलेला, पण असायला हवा होता असा एक आक्षेप आहे: पटेल मंडळी. ते सगळे काही डॉक्टर-इंजिनिअर नव्हते, आणि आज अमेरिकेतली निम्म्याच्या आसपास मोटेलं भारतीयांच्या, त्यातही मुख्यतः गुजरात्यांच्या हातात आहेत. नातेवाइकांकडून तोंडी बोलीवर उसने पैसे, काउंटरमागच्या खोलीत संसार, चादरी बदलायला घरचीच माणसं. हे कष्ट आणि हे जाळं खरं आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. त्यांनाही बँका आणि विमा कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. म्हणून तर १९८९ साली अटलांटात त्यांनी स्वतःची संघटना काढली. पण त्याच अटलांटात २१६ खोल्यांचं हार्ट ऑफ अटलांटा मोटेल होतं, आणि कृष्णवर्णीयांना खोली न देण्याचा हक्क मागत त्याचा मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तो हरला डिसेंबर १९६४ मध्ये. ज्याला तोवर मुक्कामाला खोली मिळत नव्हती, त्याने मोटेल विकत घ्यायला हवं होतं, असं म्हणणं धाडसाचं आहे. शिवाय ते दार कृष्णवर्णीयांच्या चळवळीने फोडलं. १९६५चा स्थलांतर कायदाही त्याच लाटेवर आला.

राहिला ‘सरकारपुढे हात न पसरणारे’ हा भाग. १९७०च्या दशकात भारतीयांच्या संघटनांनी खटपट केली आणि १९८०च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना मिळवला, अल्पसंख्याकांचं संरक्षण मिळावं हा त्यामागचा एक हेतू. मग लघुउद्योगांच्या सरकारी खात्याकडे अर्ज गेला की आम्हालाही सामाजिकदृष्ट्या वंचित गटात धरा. १९८२ साली तो मंजूर झाला, आणि भारतीय उद्योजक अल्पसंख्याकांसाठीच्या सरकारी कंत्राटांना पात्र ठरले. मागण्यात गैर काहीच नव्हतं, भेदभाव त्यांनीही सोसला होता. फक्त आरक्षणाच्या वादात ‘अमेरिकेतले आपले लोक बघा, काही मागितलं का त्यांनी?’ म्हणून हाच मजकूर चिकटवला जातो, तेव्हा त्याखाली हा १९८२चा अर्ज चिकटवायला हरकत नाही.