‘तळ्यावर दोनच तास’ या रिव्ह्यूला सहल काढणाऱ्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या आईबाबांना ओरेगनमधला क्रेटर लेक मनासारखा बघता आला नाही याचं वाईट वाटतं, माफी मागतो. एक स्टार देणं तुमचा अधिकार. पण ‘दिवसभर गाडीत बसवलं, तळ्यावर दोनच तास, फँटम शिप (तळ्यातलं जहाजासारखं दिसणारं खडकाळ बेट) दाखवलंच नाही’ हे वाचून रात्री झोप लागली नाही. गाडी मीच चालवत होतो, त्यामुळे त्या दिवसाच्या वेळा मला पाठ आहेत.

बीव्हर्टनहून निघायचं होतं सकाळी ६ ला. आदल्या संध्याकाळी मेसेजही केला होता. तुम्ही आलात ६.५० ला. आणखी दोन कुटुंबं तोवर गाडीत बसून होती, त्यांनी चकार शब्द काढला नाही. वाटेत युजीनला नाश्त्याचा थांबा ठरलेला नव्हता, डबे आणायला सांगितलं होतं. पण काकूंना खाऊन गोळी घ्यायची होती म्हणून थांबलो. ४० मिनिटं गेली. त्याबद्दल तक्रार नाही, माझी आई असती तरी थांबलो असतो. सॉल्ट क्रीक फॉल्सला मात्र २० मिनिटांसाठी उतरलो ते फोटोंपायी ४५ झाली, मी दोनदा हाक मारली. तळ्यावर साडेअकराला पोचायचं तिथे आपण जवळजवळ दीडला पोचलो आणि ४ ला निघालो. म्हणजे दोन नाही, अडीच तास. ठरलेले होते साडेचार.

‘अजून थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं’ असंही तुम्ही लिहिलंय. परतीचा हायवे ५८ जंगलातून जातो, अंधार पडला की हरणं रस्त्यावर येतात. मागे लहान मुलं, म्हातारी माणसं बसलेली असताना ती जोखीम मी घेत नाही, घेणारही नाही.

रिम ड्राइव्हचा, म्हणजे तळ्याभोवती फिरणाऱ्या रस्त्याचा, पूर्ण फेरा ३३ मैलांचा आहे. फँटम शिप पूर्वेच्या बाजूने दिसतं, आणि वेळ नसल्यामुळे नेमकी तीच बाजू सोडावी लागली. पाण्यापर्यंत उतरायला परवानगी असलेली वाट तेव्हा एकच होती, क्लीटवुड कोव्हची. ७०० फूट उतरा आणि तेवढंच चढा. ती आमच्या एका दिवसाच्या सहलीत नसते, बुकिंगच्या पानावर तसं लिहिलंय.

‘माहिती सांगणारं कोणी नव्हतं’ हे सगळ्यात लागलं. वॉचमन पॉइंटवर काकांनी कठड्याला टेकून विचारलं, एवढ्या पाण्याला नदी कुठली? नदी एकही नाही, सगळं पावसाचं आणि बर्फाचं पाणी, हे मीच सांगितलं. माउंट मझामा हा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटून आत कोसळला, त्या खड्ड्यात साठलेलं हे तळं १,९४३ फूट खोल आहे, हेही सांगितलं. समोरचं विझर्ड आयलंडसुद्धा ज्वालामुखीच, हे ऐकून काकांनी तुम्हाला हाक मारली. तुम्ही तेव्हा व्हिडिओ कॉलवर होतात.

बर्फामुळे पूर्ण रिम ड्राइव्ह उन्हाळ्याचे थोडेच महिने उघडी असते. तेवढ्या कमाईवर माझं घर वर्षभर चालतं. इथली आपली मंडळी एकमेकांना विचारून बुकिंग करतात. एक स्टार दिसला की फोनच येत नाही. निघायच्या वेळेबद्दल यापुढे काहीतरी पक्कं ठरवतो, नाश्त्याचंही बघतो. बाकी मत तुमचं, पण ‘दोनच तास’ ही ओळ तेवढी दुरुस्त करा, ही विनंती. काका-काकूंना नमस्कार सांगा.