राउटर बदलू नका, त्याच्यावर कुणाकुणाचं पोट आहे

दिवाळीला भाचा घरी येतो. फराळाची ताटली हातात घेऊन कपाटावरच्या राउटरकडे निरखून बघतो आणि म्हणतो, "मामा, हा कधीचा आहे? याला अपडेट येणं केव्हाच बंद झालंय." अशा वेळी डगमगू नका. चकलीचा तुकडा मोडत शांतपणे विचारा, "चालतोय ना?" भाचा गप्प बसतो, कारण राउटर चालतोच. कुणासाठी चालतो, ही चौकशी सभ्य घरात करत नाहीत.

कंपनीने सपोर्ट थांबवला म्हणजे राउटर निवृत्त झाला, एवढंच. आपल्याकडे माणूस निवृत्त झाल्यावरच खरा कामाला लागतो (तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आठवा). नव्या मॉडेलच्या सुरक्षेत भोक सापडलं की कंपनी ते बुजवते आणि तसं जाहीरही करते. तेच भोक बऱ्याचदा तुमच्या जुन्यातही असतं, फक्त तिथे गवंडी यायचा बंद झालेला असतो. चोराला आता भिंत चाचपायचीही गरज नाही. भोक कुठे आहे ते छापून आलेलं असतं.

आणि निवृत्तांना नोकऱ्याही उत्तम मिळतात. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा वयोवृद्ध राउटरांबद्दल इशारा दिला. त्यात बहुतेक नावं लिंक्सिसची, एकेकाळी घरोघरी दिसणारी. या राउटरांमध्ये मालवेअर (म्हणजे घातक सॉफ्टवेअर) घुसवून 'एनीप्रॉक्सी' आणि '5सॉक्स' या वेबसाइटवरून ते भाड्याने दिले जात होते. महिन्याचं भाडं 9.95 ते 110 डॉलर. गिऱ्हाइकाने कुठेही बसून काहीही उद्योग करावा. पाहणाऱ्याला तो तुमच्या हॉलमधून केल्यासारखा दिसणार. '5सॉक्स'च्या पाटीवर अभिमानाने लिहिलेलं होतं, '2004 पासून सेवेत'! पुण्यात असते तर 'आमची कोठेही शाखा नाही' हेही लिहिलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं. शाखा घरोघरी होत्या. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार या धंद्यात 4 कोटी 60 लाख डॉलरांहून जास्त कमाई झाली. वीज राउटरमालकांची, इंटरनेटचं बिलही त्यांचंच. याला म्हणतात दानत.

पाहुण्याने आपल्या घरून काय केलं, हे पोलीसच येऊन सांगतात, त्याचीही काळजी नको. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल गेला. माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. तिथली गोष्ट उघड्या वायफायची होती. ईमेल धाडणारा वेगळा, पत्ता मात्र याचा. "साहेब, तो मी नव्हेच" हे पटवायला किती दिवस लागतात, याचा अनुभव फुकटात मिळतो.

पासवर्डचं काय? नेटवाल्याने जोडणी करताना 'ॲडमिन' आणि 'ॲडमिन' ठेवला होता, तो तसाच राहू द्या. शुभमुहूर्तावर ठेवलेलं नाव कोणी बदलतं का! 2016 मध्ये 'मिराई' नावाचं मालवेअर कारखान्यातून येणाऱ्या अशाच साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन दारोदार फिरलं. दार उघडलेल्या कॅमेऱ्यांची नि राउटरांची फौज ऑक्टोबरात वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' कंपनीवर चालून गेली आणि ट्विटर-नेटफ्लिक्स कित्येकांसाठी तासन्‌तास बंद पडले. पुढच्याच जुलैत आपल्या बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम मालवेअरने लोळवले. पासवर्ड कंपनीने दिलेलाच होता. लोकांनी नेहमीप्रमाणे लाइनमनला शिव्या घातल्या.

बंद करून चालू करणे हा आपला रामबाण उपाय. 2018 मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाचं मालवेअर 54 देशांतल्या किमान 5 लाख उपकरणांत शिरलं, तेव्हा खुद्द एफबीआयनेही राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. त्या मालवेअरचा पहिला टप्पा रिस्टार्टलाही पुरून उरायचा, हे मात्र भाच्याला कळू देऊ नका.

नाहीतर तो लगेच मोबाइलवर 192.168.1.1 टाकून आतलं पान उघडेल. त्या पानावर डीएनएस म्हणून एक रकाना असतो, वेबसाइटचा रस्ता कुणाला विचारायचा ते सांगणारा. तिथला आकडा कोणी परस्पर बदलला, तर तुम्ही बँकेचा पत्ता अचूक टाइप करूनही भलत्याच दारात जाऊन उभे राहू शकता. ब्राउझर लाल अक्षरांत ओरडतो तेव्हा 'तरीही पुढे जा' दाबायची आपल्याला सवय आहेच.

शिवाय नवा राउटर दीड-दोन हजारांना पडतो. एवढ्यात हॉटेलात चौघांचं जेवण होतं आणि बिल देताना आपण हूं की चूं करत नाही, पण तो विषय वेगळा.

तेव्हा आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल जुन्या राउटरवर नीट पसरा, म्हणजे दिवे डोळ्यांवर येणार नाहीत. रात्री अडीचला पाणी प्यायला उठलात, तर सहज त्यावर हात ठेवून बघा. घरात सगळे झोपलेले, मोबाइल-टीव्ही सगळं बंद, आणि त्याला मात्र काय छान ऊब असते.