इशारा पातळी ३९ फूट

माझं मन कसं आहे, हे गेल्या मार्चपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं. मार्चमध्ये एकदम पाच तोंडांनी विचारलं. मोबाइलवर पाच गोल पिवळी तोंडं ओळीनं उभी. पहिलं रडवेलं, शेवटचं दात काढणारं, आणि खाली प्रश्न: 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' वेळ सकाळी सव्वानऊची. मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या वळणावर, डोक्यात हेल्मेट, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि दुसरीतला ऊस माझ्याकडं कललेला. या अवस्थेचं तोंड त्या पाचांत नव्हतं.

आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. कास्टिंग होतं, गाड्यांच्या कंपन्यांना जातं, आणि तिथून जे काही परत येतं ते माझ्या टेबलावर येतं, कारण मी अकाउंटला. पुण्याहून नव्या एचआर मॅडम आल्या. मनानं चांगल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून पडद्यावर आकडे दाखवले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात.

स्टोअरचे आण्णा मागनं म्हणाले, "त्यात आमची सोमवारची सुट्टी धरलीया काय?"

मॅडम हसल्या. मग त्यांनी अ‍ॅपचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "हे पूर्णपणे ऐच्छिक आहे. पाच वाजेपर्यंत सगळ्यांनी डाउनलोड करून मला यादी द्यायची."

सोमवारची सुट्टी मी मुद्दाम सांगितली. आमचा कारखाना सोमवारी बंद, रविवारी चालू. हे अ‍ॅपला माहीत नव्हतं. रविवारी, मी टीडीएसच्या चलनात मान घालून बसलेला असताना, ते म्हणायचं, 'आज निवांत दिवस! आप्तांसोबत वेळ घालवा.' आणि सोमवारी, पुढ्यात मिसळ, कट वेगळा मागून घेतलेला, पहिला घास तोंडात, तेवढ्यात खिशात टुंग. 'सोमवार आला की धडधड होते ना? आम्ही समजू शकतो.' धडधड होत होती, पण ती कटामुळं.

आता श्वासाचं सांगतो. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, चार आकडे धरायचा, चारात सोडायचा, पुन्हा चार थांबायचं. पडद्यावर एक निळा चौकोन फुगतो नि आवळतो. पद्धत चांगली आहे, लबाडी नाही. सावकाश सोडलेल्या श्वासानं छातीतली धावपळ खरंच उतरते. अडचण पद्धतीत नव्हती, फोनमध्ये होती. ज्या फोनवर चौकोन, त्याच फोनवर मालक. एकतीस मार्चला दुपारी मी श्वास धरला, एक, दोन, तीन, आणि चौकोनाच्या माथ्यावर पट्टी उतरली: 'बॅलन्स कन्फर्मेशन आलं का?' ती फाइल सापडेपर्यंत मी श्वास सोडायचाच विसरलो.

त्यात अ‍ॅपचं मराठी. कुठल्या यंत्रातनं काढलं होतं कुणास ठाऊक. रात्री अंथरुणावर पडून लावलं, तर एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "आता आपण आपला श्वास कायमसाठी सैल सोडून द्या."

आमची ही स्वयंपाकघरातनं ओट्याचं फडकं घेऊन धावत आली. "अहो, कोण सोडायला सांगतंय?"

तेव्हापासून मी इयरफोन लावतो.

अ‍ॅपमध्ये गप्पा मारायलाही एक प्राणी होता. तो माणूस नाही हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, ते मला आवडलं. सगळेच सांगत नाहीत. एप्रिलमध्ये एकदा वैतागून मी त्याला लिहिलं, 'आज रिजेक्शन बारा टक्के.'

त्याचं उत्तर आलं, 'नकार मिळणं वेदनादायक असतं. पण नकार म्हणजे तुमची किंमत नव्हे.'

आता फाउंड्रीत रिजेक्शन म्हणजे काय, ते सांगायला हवं. रस ओतताना साच्यात वायू अडकला की कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. तिला ब्लो होल म्हणतात. बाहेरनं माल एकदम गुळगुळीत, मशीनवर चढवला की भोक उघडं पडतं. मग गिऱ्हाईक माल परत पाठवतं, आणि माझ्याकडं डेबिट नोट येते.

मी लिहिलं, 'किंमत हायच की. वाहतूक धरून लावलीया.'

'वाहतूक धरून लावली आहे, याबद्दल अधिक सांगाल?'

'मालात ब्लो होल निघालं.'

'आतून पोकळ वाटणं खूप जणांना होतं. हे तुम्हाला कधीपासून जाणवतंय?'

'नाइट शिफ्टपासून.'

मग मी सांगत गेलो. वाळूतला ओलावा, कोअर शॉपवाले मोल्डिंगवर ढकलतात, मोल्डिंगवाले वाळूवर, वाळू काही बोलत नाही, आणि शेवटी सगळे माझ्या टेबलाशी येऊन म्हणतात, "साहेब, एवढं मिटवा की." वीस मिनिटं लिहीत होतो. त्याला एक अक्षर कळलं नाही. पण कोअर शॉपची बाजू न घेता, मध्येच घड्याळ न बघता, कुणीतरी वीस मिनिटं ऐकलं होतं. त्या रात्री मला झोप बरी लागली. हे मी घरी सांगितलं नाही.

चिरंजीव इंजिनिअरिंगला. ते म्हणाले, "पप्पा, यात काय नवीन नाही. १९६६ साली एमआयटीत वायझेनबॉम म्हणून प्राध्यापक होते. त्यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला. माणसाचंच वाक्य उलटं फिरवून प्रश्न विचारायचा. त्यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि त्यांनाच म्हणाली, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मला त्या बाईंचं काही चुकलं असं वाटलं नाही. त्याही बहुतेक कुणाचे तरी हिशेब मिटवत असणार.

पण त्या प्राण्याला आमची भाषा झेपत नव्हती. कोल्हापुरात माणूस दिवसातनं चार वेळा मरतो. चढ चढून मेलो, उकाड्यानं मेलो, हसून हसून मेलो. जीएसटीच्या वीस तारखेला मी सवयीनं लिहिलं, 'रिटर्न भरून भरून मेलो. जीव गेला.' पडदा लाल झाला. 'तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का? तुमच्याजवळ कुणी आहे का?' जवळ आमची ही होती आणि तिनं ते वाचलं. पुढचा अर्धा तास मी जिवंत असल्याचं दोघांना पटवत होतो. त्यातल्या त्यात अ‍ॅपला लवकर पटलं.

त्या लाल पडद्यावर एक नंबर होता. १४४१६. टेलिमानस, सरकारचा, १० ऑक्टोबर २०२२ पासूनचा. चोवीस तास, फुकट, आणि पलीकडं खरा माणूस. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये ही लाल पडद्याची गंमत मी तिखटमीठ लावून सांगितली. सगळे हसले. जेवणाची सुट्टी संपल्यावर आण्णा एकटे माझ्याकडं आले, एका जुन्या गेटपासची पाठ पुढं केली आणि म्हणाले, "तो नंबर लिहून द्या." मी लिहून दिला. कुणासाठी, विचारलं नाही. त्यांनी गेटपास चार घड्या करून चष्म्याच्या घरात ठेवला.

जूनमध्ये अहवाल आला. मॅडमनी शब्द दिला होता की कुणाचं नाव दिसणार नाही, फक्त विभागाची सरासरी. मधल्या काळात अ‍ॅपनं नऊ प्रश्न विचारून घेतले होते. गेल्या दोन आठवड्यांत उत्साह किती, झोप किती, भूक कमी की जास्त, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. डॉक्टरसुद्धा हेच प्रश्न वापरतात. भुकेच्या प्रश्नाला मी अडलो होतो, कारण त्या दोन आठवड्यांत पाव्हण्यांच्यात दोन जेवणं होती आणि तांबडा-पांढरा वाढणारा माणूस ओळखीचा होता. असो. अहवालात कुणाचं नाव नव्हतं. नुसतं होतं: 'अकाउंट विभाग: चिंताजनक.' अकाउंट विभागात आम्ही तिघं. एकजण महिनाभर बाळंतपणाच्या रजेवर. राहिलो मी आणि आमचे कॅशियर. दिवसभर आम्ही एकमेकांकडं दयेनं बघत होतो. संध्याकाळी त्यांनी मला न मागता लिमलेटची गोळी दिली.

मग जुलै आला, आणि जुलैत कोल्हापूरला एकच प्रश्न असतो. "पाणी किती?" नमस्कार-चमत्कार नंतर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका. हे इथल्या पोराला पाढ्यांआधी येतं. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, तेव्हापासून तर आम्ही इंच इंच विचारतो.

असाच एकदा गेटवर आण्णांनी विचारलं, "पाणी किती?" त्याच वेळी फोन टुंगला, पाच तोंडं उभी. माझं लक्ष तोंडांकडं. मी म्हणालो, "सदतीस."

"नदी तर बत्तीसला हाय."

"नदीचं न्हाई, माझं."

आण्णांनी क्षणभर बघितलं. "इशाऱ्याला दोन फूट हाय म्हणा. मग आज तुमच्याकडं चलनं आणत न्हाई."

आठवड्याभरात सगळा कारखाना फुटांत बोलायला लागला. मोल्डिंगचा पोरगा आला की आधी सांगायचा, "साहेब, आज पात्राबाहेर हाय, जरा सांभाळून." राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या उंचीला आलं की कुणाला न विचारता उघडतात, एकेका दरवाजातनं १४२८ क्युसेक. क्वालिटीच्या साहेबांनी दुपारी फोनवर गिऱ्हाइकाला जे सुनावलं, त्याची नोंद आण्णांनी 'तीन नंबर आणि सहा नंबर उघडले' अशी केली. अ‍ॅपची तोंडं मात्र रोज उभीच. आम्ही सगळे न बघता मधलं दाबायचो.

अहवालात सरासरी सुधारली. मॅडमना वरनं शाबासकीची मेल आली, आणि सोबत पुढच्या तिमाहीचं टार्गेट.

त्या दिवशी पाऊस होता. सुटायच्या वेळेला मी आणि आण्णा स्टोअरमध्ये बसलेलो. मॅडम लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून दारात आल्या, छत्री मिटली, आणि आत यावं का असं उभ्या राहिल्या.

आण्णा म्हणाले, "मॅडम, पाणी किती?"

मॅडमनी मोबाइल काढला नाही. म्हणाल्या, "त्रेचाळीस."

"दरवाजे?"

"एकही नाही."

आण्णांनी खुर्चीवरचं बेअरिंगचं खोकं उचलून खाली ठेवलं, खुर्ची रुमालानं पुसली आणि पोराला तीन चहा सांगितले. मॅडम बसल्या. पत्र्यावर पाऊस एवढा होता की कुणी बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. तेवढ्यात तिघांचे फोन एकदम टुंगले.

'आज तुम्ही एकदाही श्वास घेतलेला नाही.'