मालिका वाचवायची? मग आधी खेळणं सोडा

तुमच्या लाडक्या व्हिडिओ गेम मालिकेच्या नव्या भागाचा ट्रेलर आला आहे. दीड मिनिटाचा. पैकी एक मिनिट बोधचिन्हांत आणि धुक्यात गेलं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात नायक पाठमोरा उभा आहे आणि त्याचे केस वाढले आहेत. तुमच्यासारख्या जाणत्या चाहत्याला एवढा ऐवज पुरे. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्याला निदान शीत तरी लागतं, तुमचं वाफेवर भागतं. तेव्हा वेळ न दवडता जाहीर करून टाका की मालिका संपली.

घाई एवढ्यासाठी, की ‘संपली’ म्हणण्याचा मान एकालाच मिळतो. बाकीचे ‘मी आधीच म्हटलं होतं’च्या रांगेत जातात आणि ती रांग फार लांब असते.

मग चांगली कधी होती, असं कुणी विचारेलच. तुम्ही चौदा वर्षांचे असताना जो भाग खेळलात तो खरा. त्याआधीचे ‘ओबडधोबड पण प्रामाणिक’, नंतरचे सगळे बाजारू. ‘फॉलआउट’चं बघा. १९९७ च्या पहिल्या भागावर वाढलेल्यांनी २००८ च्या तिसऱ्या भागाचं सुतक पाळलं, कारण वरून बघत आळीपाळीनं चाली करायचा खेळ गेला आणि बंदूक रोखून धावणं आलं. त्या २००८ साली चौदा वर्षांची असलेली पोरं २०१५ मध्ये एकविशीची झाली, आणि चौथ्या भागात बोलायला चारच पर्याय दिले म्हणून त्यांनी तेवढ्याच भक्तिभावानं ऊर बडवला. चौथ्या भागावर वाढलेले आता पाचव्यासाठी गळा साफ करत बसलेत. पाचवा अजून आलेला नाही, पण रियाज आधीपासूनच करावा लागतो.

तक्रारीसाठी दोन वाक्यं पाठ असली की आयुष्य निघतं. नवा भाग जुन्यासारखा असेल तर ‘मागच्या पानावरून पुढे चालू’ आणि वेगळा असेल तर ‘आत्मा हरवला’. आत्मा म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलंच तर उत्तर देऊ नये, कीव आल्यासारखं बघावं. २००१ मध्ये ‘झेल्डा’च्या नव्या भागाचं व्यंगचित्रासारखं रूप दिसलं, तेव्हा चाहत्यांनी त्याला ‘सेल्डा’ (‘सेल’ म्हणजे कार्टूनपटासाठी रंगवायची पारदर्शक पट्टी) म्हणून हिणवलं होतं. तो ‘द विंड वेकर’. पुढच्या वर्षी जपानात आला, २०१३ मध्ये नव्यानं रंगवून पुन्हा विकला गेला. त्याच्या काळातले कितीतरी ‘वास्तववादी’ चेहरे आज मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसतात, हा अजून टवटवीत आहे. यातून घ्यायचं ते असं, की नावं ठेवून झाली की दहाएक वर्षं गप्प बसावं आणि मग “मला तर पहिल्यापासून आवडायचा” म्हणावं. तारखा बघत कोण बसतं?

खरे भाग्यवान ते ‘हाफ-लाइफ’वाले. २००७ च्या ऑक्टोबरात आलेला त्यांचा दुसरा ‘एपिसोड’ ऐन रडारडीत थांबला आणि तिसरा आलाच नाही. न आलेल्या भागाला कुणाची दृष्ट लागत नाही, त्याचा शेवट फसत नाही. याउलट १९९७ मध्ये जाहीर झालेला ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ २०११ मध्ये खरोखरच बाहेर पडला. चौदा वर्षं छान चाललं होतं, काय गरज होती?

बाहेर पडलाच, तर तुम्ही तो खेळायचा का? नको. खेळण्यानं मतं गढूळ होतात. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग विक्रीला आला. तो पुरा करायला वीस-पंचवीस तास लागतात. समीक्षकांचे आणि वाचकांचे गुण मांडणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर शून्य गुणांचा पाऊस पडायला एक दिवसही लागला नाही. त्या लोकांनी गेम बघितलाही नसेल असं म्हणणं अन्याय होईल. कथा आधीच फुटली होती, ती त्यांनी नक्की वाचली असणार. पुढे त्या संकेतस्थळानं नियम केला की गेम आल्यावर ३६ तास वाचकांना गुण देता येणार नाहीत. म्हणजे आता ३६ तास राग निवू न देता सांभाळावा लागतो. झाकून ठेवा.

इथवर प्राथमिक शिक्षण झालं. आता ‘गेम ही कला आहे का?’ या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, वापरण्यासाठी असतो. दोन खिसे ठेवा. उजव्या खिशात ‘ही कला आहे’ आणि डाव्यात ‘मी पैसे मोजलेत’. घरचे म्हणाले, “या वयात काय ते टकटक करत बसतोस,” की उजवा. गेमचा शेवट आवडला नाही की डावा. दोन्ही हात एका वेळी बाहेर काढू नयेत, एवढंच पथ्य.

या विद्येचा आदर्श वस्तुपाठ २०१२ च्या मार्चमध्ये मिळाला. ‘मास इफेक्ट’चा तिसरा भाग आला. तीन भाग, शेकडो निर्णय, आणि शेवटी लाल, निळा किंवा हिरवा प्रकाश. वर्षानुवर्षं या मालिकेला महाकाव्य म्हणणाऱ्यांनी डावा खिसा उलटा केला. शेवट बदलून द्या, अशी मोहीम निघाली. एकानं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे रीतसर तक्रार केली, की जाहिरातीत सांगितलं ते गेममध्ये नाही. काहींनी वर्गणी काढून कंपनीला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वरचं आयसिंग लाल, निळं, हिरवं आणि आत सगळ्यांची चव एकच. (माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत चांगली कलाकृती हे कपकेकच. आशय, रूप, उपरोध, सगळं जागच्या जागी.) मग कंपनीलाही आपला उजवा खिसा आठवला आणि तिनं कलात्मक सचोटीचा उच्चार केला. उच्चार करून झाल्यावर जूनमध्ये वाढीव शेवट फुकट वाटला. शोकांतिका पसंत न पडल्यास बदलून मिळेल, ही सोय नाटकवाल्यांनी अजून दिलेली नाही. त्यांच्यात ग्राहकसेवेची परंपरा नाही.

समोरचा जास्तच शिकलेला निघाला तर तो रॉजर ईबर्टला आणेल. पुलित्झर मिळवणारा पहिला चित्रपट समीक्षक, १९७५ चा. त्यानं २०१० च्या एप्रिलमध्ये लिहिलं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत. हजारो लोक त्याच्यावर तुटून पडले. जुलैमध्ये त्यानं दुसरा लेख लिहिला. मत सोडलं नाही, पण ज्या गोष्टीचा अनुभव घ्यायची आपली तयारी नाही तिच्यावर बोलायलाच नको होतं, हे कबूल केलं. हे उदाहरण मी मुद्दाम देतोय. असं कधीही करू नका. न खेळता बोलणं हीच चूक ठरली, तर आपण राहणार कुठे?

ईबर्टला गप्प करायला १९१५ साल जवळ ठेवा. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला होता की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य कसलं? ते फिरवायला १९५२ उजाडलं. गेमवाल्यांना त्याच न्यायालयानं २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी पुस्तकं-नाटकांच्या पंक्तीला बसवलं. त्यानंही भागलं नाही तर चौसष्ट कला काढा. वात्स्यायनाच्या यादीत फाशांचा खेळ आहे, पोपटाला बोलायला शिकवणं आहे, कोंबडे-एडके झुंजवणंही आहे. तिथे ‘टेट्रिस’ला जागा मिळायला काय हरकत होती?

कलावंताचं नाव मात्र माहीत असायची गरज नाही. आपण ‘त्यांनी’ म्हणतो. त्यांनी वाट लावली, त्यांना फक्त पैसा दिसतो. या बाबतीत कंपन्याही आपल्याच शाळेतल्या. अटारी आपल्या गेमवर करणाऱ्याचं नाव छापत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेटनं १९८० च्या ‘अॅडव्हेंचर’मध्ये एक चोरखोली केली आणि आपलं नाव तिथे लपवलं. चित्रकार कोपऱ्यात सही करतो, याला सहीसाठी भिंत फोडावी लागली. मोबदल्याचा हिशेबही कलेला शोभेसाच. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ करणाऱ्यांना ‘मेटाक्रिटिक’वर ८५ गुण पडले तर बोनस ठरला होता. पडले ८४. पुढच्या वेळी तुम्ही ‘ठीक आहे, सात देतो’ म्हणाल, तेव्हा हा एक गुण आठवू नका. हात थरथरतो.

आणि हो, वादात ‘पॅसेज’चं नाव चुकूनही काढू नका. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१२ च्या नोव्हेंबरात १४ गेम संग्रहात घेतले, त्यातला हा एक. जेसन रोररनं केलेला. पडद्यावर फितीएवढी अरुंद पट्टी, तिच्यात ठिपक्यांचा एक माणूस. तुम्ही उजवीकडे चालत राहायचं. वाटेत एक बाई भेटते. तिला सोबत घेतलंत तर अरुंद बोळांतून शिरता येत नाही, पलीकडच्या पेट्या हुकतात. चालता चालता केस पांढरे होतात, कंबर वाकते. एका जागी ती थांबते आणि तिथे दगड उभा राहतो. त्यानंतर बटण तेच, बोट तेच, पण माणूस सावकाश चालायला लागतो. थोड्या वेळानं तोही थांबतो. सगळं मिळून पाच मिनिटं. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा पेट्यांचा हिशेब करत होतो. दुसऱ्यांदा बोळाच्या तोंडाशी आलो आणि बोट उचललं गेलं नाही. असल्या गोष्टी वादात आणल्या की लोक गप्प होतात, खेळून बघायला जातात, आणि तीन तासांच्या चांगल्या भांडणाचा विचका होतो.

माझं स्वतःचं सांगायचं तर माझी एक मालिका आहे. नाव सांगत नाही, लगेच तुमचं आणि माझं जुंपेल. तिसरा भाग शेवटचा खरा, त्यानंतर आत्मा हरवला. नव्या भागाविरुद्ध माझा मुख्य मुद्दा आहे मासेमारी. जग बुडायला आलंय आणि हे मासे धरायची सोय देतात! मी या एका मुद्द्यावर दोन मित्र गमावलेत.

परवा बहिणीकडे गेलो तर भाचा तोच भाग खेळत होता. जग बुडायचं बाकी होतं आणि तो तळ्याकाठी गळ टाकून बसला होता. पडद्यावर पाऊस पडत होता. मी सोफ्याच्या कडेला बसून मालिकेचा ऱ्हास समजावून सांगायला घेतला. दिग्दर्शक बदलला तिथपासून सुरुवात केली.

“मामा, तू खेळलायस हा?”

“खेळायची गरज नाही.”

“जरा सरक ना. पाणी दिसत नाहीये.”

मी सरकलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पाण्यावर एक वर्तुळ उमटलं, त्याच्या हातातला कंट्रोलर बारीकसा थरथरला आणि तो श्वास रोखून पुढे झुकला. मासा सुटला. तो हसला आणि गळ परत टाकला.

“तुझ्या तिसऱ्या भागात मासे होते?”

“छे! तो गंभीर गेम होता.”

रात्री घरी येऊन खात्री करून घेतली. होते. पाच प्रकारचे. बंदरातल्या म्हाताऱ्याकडून गळ मिळायचा, आणि मला तो म्हातारा चेहऱ्यासकट आठवला. पाचही मासे मी धरले होते.

ते पान मी बंद केलं आहे. तुम्ही कुठे बोलू नका.